कॉम्प्युटरच्या कपाळावरचं गंध

आमच्या घरातला कॉम्प्युटर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंद पडला आणि त्याचं निदान करायला तीन पुरुष पुढे सरसावले. एक घरातला, एक पुण्यातला आणि एक दुकानातला. तिघांनाही यंत्रांतलं कळतं. निदान तसा त्यांचा समज आहे, आणि तो कुणी कधी तपासून पाहिलेला नाही.

आधी कॉम्प्युटरबद्दल सांगते. मी घरी बसून लग्नपत्रिका करते. नावं टाइप करायची, मजकूर बसवायचा, वर गणपती, खाली वेलबुट्टी, आणि फाइल भद्रकालीतल्या प्रेसला पाठवायची. हे काम ज्या कॉम्प्युटरवर होतं तो इतका जुना आहे, की त्याचा मूळ रंग पांढरा होता की बदामी, यावर आमच्यात एकमत नाही. त्यात मराठी अक्षरांचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे. ते काढणारी कंपनी कधीच गुंडाळली गेली. ते चालावं म्हणून कॉम्प्युटरच्या पाठीत अंगठ्याएवढी एक चावी कायम खोचून ठेवावी लागते, आणि ती चावी नव्या कॉम्प्युटरला बसत नाही. म्हणजे हे खोकं गेलं की माझी अक्षरं गेली, साचे गेले आणि काम गेलं.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याला आणि मुलाला जरा जास्तच ठाऊक होतं, कारण मी हे काम आता बंद करावं असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. नवरा म्हणायचा, "आता कशाला ही दगदग?" दगदग म्हणजे काय, तर मी दुपारी पंख्याखाली खुर्चीत बसून टाइप करते. पहाटे उठून त्याचा डबा करते, ती मात्र दगदग नव्हे. ती बंद करण्याबद्दल त्याने कधी काही सुचवलेलं नाही.

नवरा सातपूरच्या एका कारखान्यात फोरमन आहे. दसऱ्याला तिथे मशीनची पूजा असते आणि ती त्याच्या हातची असते. लेथला हार, ड्रिलला हार, कंप्रेसरला नारळ. तेलकट लोखंडावर गंध ठरत नाही, ओघळतं. म्हणून हे लोक अष्टगंधात साखरेचं दाट पाणी घालतात. मग ते असं बसतं, की दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढावं लागतं. ही युक्ती आपण शोधली असं नवरा सांगतो. शेजारच्या कारखान्यातला फोरमनही त्याच्या घरी तेच सांगत असणार.

कारखान्यातली पूजा आटोपली की उरलेलं गंध वाटीत घालून तो घरी आणतो आणि घरातली यंत्रं पुजायला घेतो. स्कूटर, शिलाई मशीन, पाण्याची मोटर. त्या वर्षीही तसंच झालं. शेवटी तो कॉम्प्युटरपुढे उकिडवा बसला आणि त्याचं कपाळ शोधू लागला. लेथचं कपाळ कुठे असतं हे त्याला पाठ आहे, पण कॉम्प्युटरचं दर वर्षी नव्याने शोधतो. आधीच्या वर्षी त्याने पडद्यावर बोट ओढलं होतं, आणि ते काढता काढता माझ्या नाकी नऊ आले होते. पडद्याला हात लावायचा नाही, असं मी त्याला बजावलं होतं. तेव्हा या खेपेला त्याची नजर खालच्या खोक्यावर गेली. तिथे पुढच्या बाजूला बरोबर मधोमध रुपयाएवढं गोल बटन होतं. त्याचा चेहरा खुलला. त्याने त्या बटनावर गंधाचा असा लपका दिला, की बटन दिसेनासं झालं. त्यावर अक्षता चिकटवल्या, फुलाने नारळाचं पाणी शिंपडलं, वर झेंडूचा हार घातला आणि हात जोडले.

"आज चालू करायचा नाही हं," तो म्हणाला.

"उद्या मखमलाबादच्या लग्नाचं प्रूफ द्यायचंय. दोन ओळी राहिल्यात."

"अगं, पूजेच्या दिवशी यंत्राला आराम द्यायचा असतो. कंपनीत आज कंप्रेसरसुद्धा बंद आहे."

"कंपनीत आजचा पगार चालू आहे," मी म्हणाले.

पण सणाच्या दिवशी कुठे तोंडाला तोंड द्या. मी श्रीखंड करायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटन दाबलं. पंखा घरघरला, दिवा लागला, पडद्यावर काहीतरी यायला लागलं आणि सगळं विझलं. परत दाबलं तर काहीच नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून चालू केला, तेव्हा पुन्हा घरघर आणि पुन्हा शांतता. गंध विस्कटू नये म्हणून मीसुद्धा बटन नखाच्या टोकाने, कडेकडेने दाबत होते. घरात वर्षानुवर्षं राहिलं की अशा सवयी लागतात.

नवऱ्याने सुट्टी टाकलेली होती. तो चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"व्होल्टेज," तो म्हणाला.

"काय व्होल्टेज?"

"कमी पडतंय. सणासुदीला लोक लायटिंग लावतात. मशीन उचलत नाही."

सकाळी दहा वाजता कोण लायटिंग लावतं, हे विचारायच्या आत त्याने स्कूटरची किल्ली घेतली. आता तो स्टॅबिलायझर घेऊनच परत येणार हे मला कळलं. त्याच्या लेखी जगातलं प्रत्येक दुखणं शेवटी व्होल्टेजवर येतं. मागे मला चक्कर आली होती, तेव्हाही त्याने आधी फॅनचा रेग्युलेटर बघितला होता.

तो गेल्यावर मी मुलाला फोन लावला. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. तिथे तो नेमकं काय करतो हे मला त्याने तीनदा समजावलं आहे आणि तिन्ही वेळा वेगळं समजावलं आहे. त्याने व्हिडिओ कॉल घ्यायला लावला.

"आई, रिस्टार्ट करून बघितलास?"

"जो स्टार्टच होत नाही, तो रिस्टार्ट कसा करू?"

"तसं नाही गं. बटन दाब आणि दाबून धर. सोडू नकोस."

मी दाबून धरलं. काही झालं नाही.

"आता सोड."

सोडलं. काही झालं नाही.

"कॅमेरा जरा खाली घे. मागे घे. हां, दिसतंय." तो बघत राहिला. मला वाटलं, आता काहीतरी कामाचं बोलेल. "बाबांनी गंध मस्त लावलंय."

"ते राहू दे. याचं काय करू?"

"आई, खरं सांगू? त्याचं वय झालंय. प्रोसेसर गेला असणार. मी तुला लॅपटॉप पाठवतो. छान पातळ असतो."

"त्यात माझं सॉफ्टवेअर चालेल?"

"ते नाही चालणार. पण आता कशाला हवंय तुला ते? लोक पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवतात. तू मस्त सिरियल बघ त्याच्यावर."

माझ्या कामाचं तेरावं तो असं हसतमुखाने उरकत होता. मी फोन ठेवला.

नवरा स्टॅबिलायझर घेऊन आला. चांगला दगडासारखा जड, पुढे काटा असलेला. त्याने जोडणी केली आणि काट्यापुढे बोट धरून मला दाखवलं.

"बघ. दोनशे तीसवर स्थिर."

कॉम्प्युटर घरघरला आणि बंद पडला.

"व्होल्टेज तर आता बरोबर आलं," नवरा समाधानाने म्हणाला. कॉम्प्युटर बंदच आहे, हा जणू वेगळा विषय होता.

दुपारी एम. जी. रोडवरच्या दुकानातून दुरुस्तीवाला आला. तिशीतला असेल, पाठीवर सॅक, कानात एक बारीक यंत्र, ज्यातून त्याला कुणीतरी सतत बोलावत होतं. मला त्याने पहिल्याच वाक्यात काकू केलं आणि पुढचं सगळं नवऱ्याशी बोलला. कॉम्प्युटर कुणाचा आहे, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. खोलीत मिशा असलेला माणूस होता, तेवढं त्याला पुरलं.

खोक्यापुढे बसून त्याने आधी गंधाला हात जोडले आणि हार उचलून अलगद टेबलावर ठेवला. मग बाजूचा पत्रा काढला, आत तोंडाने फुंकर मारली, एक हिरवी पट्टी उपसली, ती शाळेतल्या खोडरबराने घासली आणि परत बसवली. पंखा फिरला, थांबला. सॅकमधून दुसरा पॉवर सप्लाय काढून जोडला. पंखा फिरला, थांबला. मग जुनाच परत बसवला. दर वेळी बटन दाबताना तो स्क्रू ड्रायव्हरचं टोक गंधाच्या कडेला टेकवायचा, अगदी जपून, डोळ्यांत औषध घालतात तसं.

एवढ्यात मखमलाबादचे माळीबुवा आले. यांच्याच मुलीची पत्रिका होती. गुलाबाची आणि झेंडूची शेती, दसऱ्याचा बाजार नुकताच उरकलेला, डोळे जागरणाने तारवटलेले. उरलेल्या झेंडूची पिशवी त्यांनी दारातच माझ्या हातात दिली.

"ताई, प्रूफ झालं का? एक बदल हाय. धाकट्या साडूचं नाव थोरल्याच्या वर गेलंय. ते तेवढं खाली घ्या. नायतर थोरला मांडवात पाय ठेवायचा नाय."

"बसा. कॉम्प्युटर बंद पडलाय."

ते बसले. खोक्याचं उघडं पोट बघून त्यांचा चेहरा पडला.

"लय जास्त झालंय का?"

दुरुस्तीवाला उठला, गुडघे झटकले आणि नवऱ्याला म्हणाला, "सर, मदरबोर्ड गेला."

नवऱ्याने मान हलवली. ती मान मी ओळखते. डॉक्टरांनी नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावं आणि नातेवाइकांनी मनातून सुटकेचा श्वास सोडावा, तशी.

"मिळेल का दुसरा?" मी विचारलं.

"हा बोर्ड आता येतच नाही काकू. नवीन मशीन घ्या. सर, सध्या ऑफर चालू आहे."

"नव्यावर माझं सॉफ्टवेअर चालणार नाही."

"हो, ते नाही चालणार," तो म्हणाला. "पण काकू, आता कोण वापरतं ते?"

मी वापरते, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण नवरा मध्येच माळीबुवांकडे वळला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही असं करा, पत्रिका मोबाईलवरच करून घ्या. हल्ली फार सुंदर होतात. फुलं वरून पडताना दिसतात."

"फुलं?" माळीबुवा म्हणाले. "सकाळपासून फुलंच उचलतोय मी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, कोजागिरीला गडावर जायचंय. पहिली पत्रिका देवीची. तिच्यापुढं ठेवल्याशिवाय भावकीत एक वाटता येत नाय. आता तिच्यापुढं मोबाईल ठेवू का?"

दुरुस्तीवाल्याने सॅक आवरायला घेतली.

"जुना बॉक्स मी घेऊन जातो सर. स्क्रॅपमध्ये टाकतो. तुम्हाला घरात अडगळ नको."

"हो, घेऊन जा," नवरा म्हणाला.

असं ते ठरलं. मला कुणी विचारलं नाही. त्या खुर्चीत बसून मी जावयांची, साडूंची, चुलत्यांची नावं मानापानाने रचली, कुणाच्या नावाआधी कै. लावायचं हे न विसरता पाहिलं, मुलाची फी भरली, आणि आता ते खोकं एका अनोळखी माणसाच्या स्कूटरच्या फूटबोर्डवर बसून जाणार होतं. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही. राग आला. आणि राग आला की मी साफसफाई करते.

मी खोक्याकडे बघितलं, तर टेबलाच्या पायाशी मुंग्यांची रांग लागली होती. तांबड्या, बारीक. ती रांग खोक्याच्या पुढच्या बाजूने सरळ त्या गंधापर्यंत गेलेली. साखर खायला आख्खी वस्ती जमली होती. दुरुस्तीवाला त्या मुंग्यांसकट खोकं उचलून माझ्या दिवाणखान्यातून नेणार होता.

"थांबा," मी म्हणाले. "असं नाही जाणार ते."

मी स्वयंपाकघरातून ओलं फडकं आणलं.

"अगं, काय करतेस? पूजेचं गंध पुसतात का?" नवरा म्हणाला. "दिवाळीपर्यंत राहू दे."

"दिवाळीपर्यंत ते भंगारात असणार आहे. आणि कारखान्यात दुसऱ्या दिवशी पट्टीने खरवडता, ते?"

"तिथे मशीन चालवायचं असतं."

हे वाक्य तो बोलला आणि स्वतःच ऐकत उभा राहिला. मी ऐकायला थांबले नाही. मुंग्या झटकल्या, फडकं दाबून धरलं, गंध भिजू दिलं. ते काकवीसारखं घट्ट झालं होतं. अक्षता निघाल्या. बटनाच्या भोवतीच्या फटीत नखाने फडकं फिरवलं, एकदा, दोनदा, आणि बटन "टक" करून बाहेर आलं.

हा आवाज मला पाठ आहे. आंब्याच्या दिवसांत रस काढताना मिक्सरचं बटन असंच आत चिकटून बसतं, आणि गरम पाण्याच्या फडक्याने पुसलं की असंच टक करून वर येतं. सकाळपासून बटन आतच अडकलेलं होतं. गंधाचा थर एवढा जाड, की ते आत आहे की बाहेर, हे दिसतच नव्हतं. हे खोकं बटन दाबून धरलं की बंद होतं, हे मलाही माहीत आहे. कधी अडलं की मी तसंच बंद करते. सकाळपासून साखर त्याचं बटन दाबून बसली होती. वर माझ्या मुलाने मला आणखी दाबायला लावलं होतं.

मी पत्रा न लावताच वायर जोडली आणि बटन दाबलं. सबंध बोटाने. पंखा घरघरला. आम्ही चौघं त्या पंख्याकडे बघत राहिलो. तो थांबायची वेळ आली आणि गेली. पडद्यावर माझं जुनं निळं चित्र आलं.

"चालू झाला की," माळीबुवा म्हणाले.

"होतं कधी कधी असं," दुरुस्तीवाला म्हणाला. "मी रॅम साफ केली ना, त्याने कॉन्टॅक्ट आला."

"आणि मदरबोर्ड?"

"तो वीक आहेच काकू. कधीही जाईल." आणि नवऱ्याला म्हणाला, "सर, व्हिजिट चार्ज."

नवऱ्याने दिला. द्यायलाच हवा होता. बोलावला त्याने होता.

मी खुर्चीत बसले आणि साडूंची अदलाबदल केली. थोरला वर, धाकटा खाली. राहिलेल्या दोन ओळी घातल्या. खाली लहान मुलांच्या नावांनी "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" असतं, तिथे माळीबुवांनी आदल्या महिन्यात जन्मलेल्या पुतणीचं नाव घालायला सांगितलं. तिला अजून नाव ठेवलं नव्हतं. आम्ही छकुली घातलं. कागदावर प्रूफ काढून दिलं, तेव्हा त्यांनी ते उजेडात धरून एकेक नाव बोटाने वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग म्हणाले, "आता कुणाची टाप नाय रुसायची." संध्याकाळी फाइल प्रेसला गेली. कोजागिरीला पत्रिका देवीपुढे पोचली. थोरला साडू तरीही रुसला, पण ते जेवणाच्या पंगतीवरून. त्यात माझा हात नव्हता.

रात्रीच्या जेवणाला नवऱ्याने स्वतःचं निदान सांगितलं.

"गंधाचा काही संबंध नाही. मशीनला एक दिवस आराम हवा होता, तो मिळाला. आणि स्टॅबिलायझरमुळे करंट स्थिर झाला."

"स्टॅबिलायझर जोडलेला नव्हता तेव्हा," मी म्हणाले. "दुरुस्तीवाल्याने दुपारीच काढून बाजूला ठेवला होता."

"मग आधीचा परिणाम असेल."

मुलगा फोनवर म्हणाला, "म्हणजे हार्डवेअर इशू होता. मी म्हटलंच होतं." त्याने प्रोसेसर म्हटलं होतं. ते मी त्याला ऐकवलं, तर म्हणाला, "तेच गं, हार्डवेअर." त्याच्या कंपनीत अशाच माणसांना बढती देत असावेत.

या सगळ्यावर मी हसून सोडून दिलं असतं. घरातली माणसं आहेत, व्होल्टेजवर जगतात, जगू देत. पण एक गोष्ट सोडून देण्यासारखी नव्हती. बटन चिकटलं होतं एवढ्याशा कारणावर माझं काम भंगारात निघालं होतं, आणि त्या खोलीत मला आणि एका पाहुण्या माणसाला सोडून कुणालाही ते वावगं वाटलं नव्हतं. नवरा आणि मुलगा, दोघं वाईट नाहीत. त्यांना ते फक्त सोयीचं वाटलं. आणि सोयीचं आहे म्हटल्यावर बटन कोण तपासतो?

तेव्हा मी माझ्यापुरती सोय केली. पंचवटीत एक छोटा प्रेस बंद होत होता. मालक म्हातारा, मुलं त्या धंद्यात नाहीत. त्याच्याकडे माझ्याच जातीचं खोकं होतं. तेच सॉफ्टवेअर, तशीच पाठीत चावी. मी ते रिक्षात घालून घरी आणलं, चालू करून बघितलं, माझे सगळे साचे त्यात भरले आणि जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवलं. पहिलं गेलं तर दुसरं. दुसरं जाईल तेव्हा मी किती म्हातारी असेन ते बघू. ते काय आहे म्हणून नवऱ्याने विचारलं, तेव्हा गोधड्या आहेत म्हणून सांगितलं. तो पलंगाखाली वाकून बघणार नाही याची खात्री होती. त्याने तिथला केर कधी काढलेला नाही.

पुढच्या दसऱ्याला नवरा वाटी घेऊन घरी आला. तेच गंध, तेच साखरेचं पाणी. स्कूटर झाली, शिलाई मशीन झालं, मोटर झाली. मग तो खोलीत आला. मी कॉम्प्युटरपुढे खुर्ची आडवी घालून बसले होते आणि टाइप करत होते.

"आज चालू ठेवलास?"

"नांदगावची पत्रिका आहे. उद्या द्यायचीय."

"पूजा?"

मी कोपऱ्यातल्या स्टॅबिलायझरकडे बोट दाखवलं. तो वर्षभर तिथेच होता. त्यावर मी कुंडी ठेवली होती, वजन चांगलं आहे म्हणून.

"त्याला लावा," मी म्हणाले. "सढळ हाताने लावा. त्याला बटन नाही."

तो वाटी घेऊन कोपऱ्यात गेला. मग उकिडवा बसला, कुंडी बाजूला केली, आणि काट्याच्या वर, बरोबर मधोमध, कपाळ शोधून काढलं.